प्रमुख पाहुणे

घरचा कुत्रा फारच म्हातारा झाला, तेव्हा हेडमास्तर गिरिधरराव त्याला स्कूटरवर पुढे उभं करून मौद्याच्या रस्त्यावर सोडून आले आणि घरी सांगितलं, पळून गेला. दोन महिन्यांनी गांधीबागेतल्या प्राण्यांच्या आश्रमाने त्यांना वार्षिक समारंभाला पाहुणे म्हणून बोलावलं. भूतदयेवरचं भाषण अगदी रंगात आलं असताना तोच कुत्रा स्टेजवर चढला आणि त्यांच्या पायाशी लोळू लागला.

आश्रमाचे रुपराव माइकवर म्हणाले, "कोणीतरी टाकून देल्लं जनावर आहे हे. कोणाच्याच जवळ जात नाही. पण पाहा, मुक्या जिवाले देवमाणूस बरोबर समजते."

टाळ्या थांबेनात. गिरिधररावांना मान वर करवेना.



खाली बघतच त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलं गा याचं?"