लाल शिक्का

“अमेरिकन मोटारीच्या पोस्टरवर हा जपानी शिक्का? पुसून टाक!” आमच्या जाहिरात कंपनीचा बॉस जपानी चित्रकारावर खेकसला. त्याने तिकडच्या रीतीने सहीच्या जागी नावाचा लाल शिक्का उमटवला होता. मी शेजारच्याच टेबलावर, तोंडाची फटकळ. पण आम्हा दोघांचीही ग्रीन कार्डं बॉसच्या हातात. दातओठ खात कामात डोकं घातलं. त्यानेही मुकाट्याने चित्र सुधारलं. महिन्याभराने ऑफिसच्या आवारात जपानी मोटार हातोड्याने फोडायचा तमाशा झाला. त्र्याऐंशी साल, स्वस्त जपानी मोटारींपुढे डेट्रॉइटचे कारखाने बंद पडलेले. राग कुणावर तरी काढायचा होता. भिंतीवर तेच पोस्टर. बॉसने चित्रकाराच्या हातात हातोडा कोंबला. “आमच्यातला आहेस ना? मार!” तो सरळ पोस्टरपाशी गेला. चित्रातल्या मोटारीच्या टेललाइटमध्ये त्याचा शिक्का लालातच लपलेला होता. त्यावर बोट ठेवून त्याने हातोडा बॉसपुढे धरला. “जपानी मालच फोडायचाय ना? मग हा फोडा.”