आधीचं ऑपरेशन

आपल्या घरात कुणी कुणापासून काही लपवत नाही, असं सासूबाई अभिमानानं सांगत. गरोदर सुनेच्या पहिल्या तपासणीला नर्सनं "आधी काही ऑपरेशन?" विचारल्यावर उत्तरही त्यांनीच दिलं, "छे, हिच्या पायात साधा काटा मोडलेला नाही." लग्नाआधी बायॉप्सीसाठी सुनेच्या गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा कापला होता. तेव्हाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "गरोदर राहिलात की आधी हे सांगा. त्या तोंडाला टाका घातल्याशिवाय मूल टिकेलच असं नाही." एकटी आल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं. दरवेळी सासूबाई हौसेनं सोबत आल्या. पाचव्या महिन्यात कपड्यांच्या घड्या घालताना मूल गेलं. वॉर्डात तिनं रडत कबुली दिली. "माहीत होतं गं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या आईनं लग्नाआधीच सांगितलेलं. चारचौघांत तुला अवघडायला नको म्हणून नर्सला नाही म्हटलं. वाटलं, डॉक्टरांना तू नंतर एकटीनं सांगितलं असशील."