आबांची ट्राम

“मामा, आज ट्राम काढायची नाय,” पोह्यांवर खोबरं भुरभुरत आशाबाईनं सासऱ्यांना पुन्हा बजावलं. “रूपाला बघायला लोक यायलेत. मुलाचे आजोबा मुंबईत वाढलेत. तुमचा एक शब्द खोटा निघाला, तर घराची इज्जत जाईल.”

सर्जेरावांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. त्या मान हलवण्यावर घरात कुणाचाच भरवसा नव्हता.

सर्जेराव कन्नडचे. उभी हयात ऊस-कपाशीत गेली आणि म्हातारपणी ते मुलाकडं संभाजीनगरात, हर्सूलला राहायला आले. मुंबईला ते कधी गेल्याचं कुणालाही आठवत नव्हतं. तरीही लहानपणी आपण मुंबईत समुद्राकडं जाणाऱ्या ट्राममध्ये बसायचो, ही गोष्ट त्यांनी दूधवाल्याला सांगितली होती, वायरमनला सांगितली होती आणि चुकून दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही सोडलं नव्हतं. ऐकणारे ‘लई भारी, आबा’ म्हणायचे आणि गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन हसायचे.

सांगायची रीतही न्यारी. पाहुण्याकडं कान आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून बसायचे, आणि शेतात हाळी द्यावी तसा आवाज लावायचे. चहा लवकर यावा म्हणून हे चालतं, असं आशाबाईचं मत. आबांना ऐकायला कमी येतं, असं नातीचं, रूपाचं. त्यांची बायको केसरबाई तेवढ्या कधी हसल्या नाहीत आणि कधी ‘व्हय’ही म्हणाल्या नाहीत. त्या आत भाकरी थापत राहायच्या.

पाहुणे आले. रूपा आणि आकाश वाळूजला एकाच कंपनीत होते. त्यांचं दोघांचं केव्हाच जमलं होतं, आता फक्त मोठ्यांचं जमायचं राहिलं होतं. रूपानं चहा दिला, नाव-गाव-शिक्षण झालं, पोह्यांची तारीफ झाली. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात आकाशचे आजोबा तात्यासाहेब आपणहून म्हणाले, “आमच्या लहानपणी मुंबईत ट्राम होती. काय दिवस होते ते!”

आशाबाईनं डोळे मिटून घेतले.

सर्जेरावांनी खुर्ची स्वयंपाकघराकडं वळवली. “मी बसलोय तिच्यात,” ते गरजले. “पार समुद्रापर्यंत.”

“काय सांगता!” तात्यासाहेबांनी बशी खाली ठेवली. “मग शेवटच्या थांब्यावर ट्राम वळायची कशी, सांगा बघू.”

“वळायचीच नाय! बाकांच्या पाठी तेवढ्या उलट्या करायच्या. मागचं पुढं, पुढचं मागं. कंडक्टर मलाच करायला लावायचा. मी खटाक खटाक करत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचो. माझ्याकडून तिकीटसुदिक घ्यायचा नाय.”

“अगदी बरोबर!” तात्यासाहेबांनी मांडीवर थाप मारली. “तिकिटाचं मात्र नवल. आमच्याकडून तर घ्यायचे बुवा.”

“लई मायाळू माणूस. खिशातनं खारे दाणे काढून द्यायचा. अन् समुद्र जवळ आला की वारा काय सुटायचा! एका हातानं मी दांडी धरायचो, अन् दुसऱ्या हातानं परकर...”

सर्जेराव थांबले.

“परकर?” तात्यासाहेब म्हणाले.

आकाश फरशीकडं बघू लागला. आशाबाईनं पदर तोंडाला लावला. एवढं जुळत आलेलं लग्न एका परकरात अडकलं, असं रूपाला वाटलं. आणि सर्जेराव, ज्यांचं तोंड बंद करणं आजवर कुणाला जमलं नव्हतं, ते चोरी पकडल्यासारखे पोह्यांतले शेंगदाणे वेचत बसले.

केसरबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पाहुण्यांसमोर त्या कधी खुर्चीवर बसत नसत. आज नवऱ्याशेजारची खुर्ची ओढून बसल्या.

“परकर माझा व्हता,” त्या म्हणाल्या. “निळा. अन् कंडक्टर माझा बाप.”

मग एकदा तोंड उघडलंच आहे, तर सगळंच सांगावं तशा बोलू लागल्या. “ट्राम बंद झाली, बाप गावाकडं आला, अन् मला ह्यांच्या घरी दिलं. नवी नवरी व्हते. ट्रामचं सांगायची लई हौस, ह्यांना तर सगळं सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, ह्या घरात माहेरचं कौतुक चालायचं नाय. मी गप झाले. बाप गेला, तवा तर लई आठवण यायची, पण घरात बोलायची चोरी. एक दिवस जेवताना हे आईला म्हणाले, मी लहानपणी ट्राममधी बसलोय. सासूबाई म्हणाल्या, कवा रे मेल्या? तू तर कन्नडची येस वलांडली नायस! पण हे थांबायला तयार नाय. मला जसं आठवायचं, तसंच सगळं, कंडक्टरासकट. माझ्या माहेराला बंदी व्हती, पोराच्या कौतुकाला कुठं व्हती? सासूबाई गेल्या, तरी ह्यांची खोड काय गेली नाय.”

आशाबाईनं तोंडावरचा पदर डोळ्यांना लावला. इतकी वर्षं आपण कुणाला हसत होतो, हे कळून तिला फार वाईट वाटलं.

तात्यासाहेब रूपाकडं वळले. “पोरी, आमच्या घरी आलीस की माहेरचं कौतुक पोटभर करायचं. ट्रामचंसुद्धा.”

रूपा हसली. आकाशनं फरशीवरची नजर वर केली आणि उरलेले पोहे एका दमात संपवले.

“पण सर्जेराव,” तात्यासाहेब हसत म्हणाले, “माझे कान अजून शाबूत आहेत. एवढ्या मोठ्यानं कशाला सांगत होता मला?”

सर्जेरावांनी स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडं पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

“तुम्हाला कुठं सांगत व्हतो?”