काचेखालचा दिवा

फ्रिज उघडला आणि दह्याचं भांडं ओयसाराच्या हातातच राहिलं. ते ठेवायची मधली काच जागेवर नव्हती.

"सूनबाई, काच कुठं गेली?"

"धुवायला काढलीय, आई!" अंगणातून गुलअंदामचा आवाज आला. जरा जास्तच लवकर आला.

याआधी शिलाई मशीनचा खण गेला होता. मग उशाजवळचा दिवा. सून तंदूरमधून नान काढत होती, ओयसारा तिच्या पाठीकडे बघत राहिली.

नुरोता गावात लग्नाची सुझनी, म्हणजे भरतकामाची चादर, करायची म्हटली की कापडावर नक्षी रेखून घ्यायला ओयसाराचंच दार. टाके घालणाऱ्या बायका घरोघर, रेखणारी एकच. उद्या शुक्रवारी गावच्या बायका जमणार होत्या. त्यांच्यासमोर ओयसारा ओंजळ उचलून सुनेला फातिहा देणार होती. त्या आशीर्वादावाचून परक्याच्या कापडावर रेघ ओढायची नाही, ही रीत. लग्न होऊन आल्यापासून गुलअंदामचे डोळे त्या दिवसाकडे लागले होते.

दुपारी सून नान द्यायला बाजारात गेली, आणि शेजारची सालिमा खाला चहाला येऊन टेकली.

"तुझी सून त्या एशनकुलच्या दुकानात दिसते हल्ली," ती म्हणाली.

"कोण एशनकुल?"

"अगं, यंदा समरकंदहून आलाय तो. बोलतो ते बाजारच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातं! जुन्या सुझन्या विकतो म्हणे. जुन्या कसल्या? कालचं कापड चहात बुचकळायचं आणि पणजीचं म्हणून पाहुण्यांच्या गळ्यात मारायचं."

ओयसाराने पेला खाली ठेवला. आतल्या खोलीत जाऊन गाद्यांची चवड उचलली.

मशीनचा खण होता. आत चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद चिकटवलेला, त्यात दिवा आडवा निजवलेला, वर फ्रिजची काच, काचेवर तुपकट पातळ कागद.

"हे काय गं? कोंबडीची पिल्लं उबवते का?" सालिमा खाला मागून डोकावली.

"नक्षी चोरायचं यंत्र आहे. काच आणि उजेड, अजून काय लागतं? आमच्या वेळी खिडकीची..." ओयसारा थांबली. "आमच्या वेळी खिडकी पुसायलासुद्धा सवड नसायची."

खाली दोन कापडं होती. एक कोरं. दुसरं पिवळट, त्यावर नुसती रेखलेली नक्षी: डाळिंबाची फांदी, आणि एक पान उलटं वळलेलं. ओयसाराचा चेहरा उतरला.

"ही माझी फांदी आहे, सालिमा. हिच्यावरच मला फातिहा मिळाली. दुसरी जगात नाही. दोन डाळिंबं मी कधी सारखी काढली नाहीत."

सालिमाने कापड नाकाला लावलं. "चहाचा वास तर येत नाही."

"धुतलं असेल."

तेवढ्यात गुलअंदाम दारात आली. उघडा खण पाहून तिच्या हातातली रिकामी टोपली घसरली.

"बोल की," ओयसारा म्हणाली. "माझ्या पेटीतून नक्षी काढलीस, पिवळी केलीस, आता दुसरी करणार होतीस. उद्याची फातिहा एशनकुलच देणार आहे का तुला?"

"तसं नाही, आई."

"मग कसं आहे?"

सुनेने वाकून टोपली उचलली.

ओयसाराने पेटीतून स्वतःचं कापड काढलं. टाका न घालता जपलेलं, घडीवर घडी ठेवलेलं. "हे दाखवलं ना, तेव्हा माझ्या गुरू हमरोबीबीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग एक अक्षर न बोलता तिनं हात उचलले. अल्ला तिला जन्नत देवो." तिने पिवळं कापड काचेवर पसरलं. "हातानं काढलेली रेघ दुसऱ्यांदा तशीच येत नाही. तंतोतंत जुळली, तर ती गिरवलेली. सालिमा, तू साक्षीदार."

"आई, काचेवर नका ना ठेवू," गुलअंदाम पुढे झाली. "पाया पडते. मी हे सगळं आत्ता मोडून टाकते. फातिहाही नको मला."

"ऐकलंस, सालिमा? आता पाया पडते."

ओयसाराने आपलं कापड वर अंथरलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि दिवा लावला.

दोन फांद्यांची एक फांदी झाली. डाळिंबावर डाळिंब बसलं. उलट्या पानाचं टोकसुद्धा टोकावर.

"या अल्ला," सालिमा खाला पुटपुटली. "पोरी, बोल काहीतरी. म्हण, मी नाही केलं."

गुलअंदामने सासूकडे एकदा पाहिलं. डोळे भरून आले होते.

"चुकलं माझं, आई," ती म्हणाली.

"उद्या कुणी यायचं नाही म्हणून सांग सगळ्यांना," ओयसारा सालिमाला म्हणाली. "या घरात चोराला फातिहा नाही."

फाटक वाजलं. बाहेरून दणदणीत आवाज आला. "गुलअंदामबेटी! आहेस का घरात?"

गुलअंदाम धावलीच. "एशनकुल आका, हळू बोला! तुमचं कापड मीच आणून देते. आत्ता जा."

"घाई नाही गं, नक्कल सावकाश कर! नातीच्या लग्नाला पुरी झाली म्हणजे झालं. जुन्याला तेवढं जप. मी पोटात होतो, तेव्हा हमरोबीबीनं स्वतःच्या हातानं रेखून दिलंय ते. पहिला टाका घालायच्या आधीच आई गेली माझी. तेव्हापासून समरकंदला मावशीच्या पेटीत होतं. आणि तुझ्या सासूबाईंनाही दाखव की एकदा! मावशी सांगायची, ओयसारा तेव्हा हमरोबीबीकडे शिकायला होती, आणि हे कापड खिडकीच्या काचेला लावून दिवसभर तिथंच उभी असायची!"