आकडीची वही

"नसीमा फोन उचलत नाय, तर वही मीच घेऊन येतो," फैझान म्हणाला आणि वेदिका सिस्टर पुढचं काही बोलायच्या आत त्याने फोन ठेवून दिला.

तपासणी खरं तर सव्वीस तारखेला होती. पण डॉक्टर मुंबईला निघाले म्हणून ती आजच करायची ठरली, आणि फैझानची बायको नसीमा नेमकी बहिणीचं बाळ बघायला आंजर्ल्याला गेलेली. उद्या यायची होती.

गेल्या वर्षी भर समुद्रात त्याला आकडी आली आणि बोटीचे मालक गनीचाचाने त्याला बोटीवरून उतरवलं. दर्यावर वाढलेला, बोट हाकणारा तांडेल धक्क्यावर बसून दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करू लागला. मग जानेवारीत नव्या गोळीची चाचणी निघाली. "मेंदूला ब्रेक असतो," डॉक्टरांनी सांगितलं. "तो ढिला पडला की आकडी येते. ही गोळी तो आवळते का, ते बघायचंय." निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. कोणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

आकडी आता पहाटे झोपेतच यायची. त्याला स्वतःला काही आठवत नसे, म्हणून नोंदीची वही नसीमाकडे.

"काल काय झाला काय गो?" तो रोज उठल्या उठल्या विचारी.

"काय नाय. निवांत झोपलात."

महिन्याचे तीन आठवडे असे सुखाचे जात. शेवटच्या आठवड्यात मात्र एके सकाळी ती मान खाली घालून म्हणे, "आली हो. दोन मिनिटं होती." पूर्वी जीभ चावलेली असे, अंग ठेचल्यासारखं दुखे. आता तसलं काहीच नव्हतं. तरी आकडी येतेच, म्हणजे आपल्या वाट्याला पिठाचीच गोळी आली, असं म्हणून तो नशिबाला शिव्या घाली.

"बोट गेली तर जाऊ द्या," नसीमा म्हणे. "माझा बाप दर्यावर गेला तो आला काय परत?"

पण या खेपेला गनीचाचाने शब्द दिला होता. "पुढच्या तपासणीपर्यंत एकपण आकडी आली नाय आणि डॉक्टरचा कागद आणलास, तर एक ऑगस्टला चढ बोटीवर. नायतर मी दुसरा तांडेल बघतो." आणि जुलैत आजवर एकदाही आकडी आलेली नव्हती.

वही नसीमाच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी सापडली. रिक्षात त्याने ती उघडली नाही. मागचे महिने बघून उगाच जीव खाली-वर व्हायचा.

"या महिन्यात?" वेदिका सिस्टरने विचारलं.

"एकपण नाय!" त्याला हसू आवरेना. "बघा, तुमाला वाचूनच दाखवतो."

सिस्टरच्या टेबलावर त्याने जुलैचं पान उघडलं. वरच्या रकान्यांत नुसत्या रेघा होत्या. त्याचं बोट खुशीत खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"काय झालं?" सिस्टरने विचारलं.

"आज तारीख काय?"

"एकोणीस."

बावीसच्या रकान्यात नसीमाच्या सुबक अक्षरात लिहून झालं होतं: पहाटे साडेचार, दोन मिनिटं.