जुनी नळी

गाडीची पेट्रोलची नळी बदलली, की काढलेली जुनी नळी मिस्त्री गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा. न बदलताच पैसे लावले असं कोणी म्हणायला नको, म्हणून वीस वर्षं पाळलेला शिरस्ता. हल्ली मात्र तो आधी कात्रीने तिचे बोटबोटभर तुकडे करायचा आणि मगच पिशवीत घालायचा.

आपली जुनी गाडी न्यायला आलेल्या शाळामास्तरांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा जीव हळहळला.

"अहो, काय केलंत हे? बाहेरून तर चांगली धडधाकट दिसतेय. डिकीत पडून राहिली असती, अडीनडीला कामी आली असती."

"आतून चिरलीय, मास्तर. तापलेल्या इंजिनवर पेट्रोल ठिबकायला कितीसा वेळ लागतो?"

"म्हणून काय भाजीसारखी चिरायची? एवढं कसलं वैर तुमचं तिच्याशी?"

मिस्त्री हसला नाही. त्याने पिशवीला गाठ मारून ती मास्तरांच्या हातात दिली, फडक्याला हात पुसले आणि पुढच्या गाडीचं बॉनेट उघडलं.

 

शेवटची अख्खी नळी त्याने भाऊजींना दिली होती. त्यांनी ती जपून ठेवली, पुढे ताईची गाडी गळायला लागल्यावर घरच्या घरी तिला बसवून दिली, आणि भर रस्त्यात पेटलेल्या त्या गाडीचं दार ताईला काही उघडता आलं नाही.