ओडमचं हेल्मेट

अंतिम सामन्याला अर्धा तास उरला आणि ओडमचं हेल्मेट सापडेना. टल्साच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो क्वार्टरबॅक. प्रत्येक चाल त्याच्याच हातून सुटायची. दुसऱ्या कुणाचं हेल्मेट त्याच्या डोक्याला बसेना, आणि हेल्मेटशिवाय मैदानात उतरायला बंदी. शेवटी त्याच्या जागी राखीव हॉलिस खेळला, पोटभर मार खाल्ला आणि संघ सपाटून हरला.

खेळ संपताच ओडम कपडे बदलायच्या खोलीत हॉलिसवर धावून गेला. "तूच लपवलंस! स्वतःला खेळायला मिळावं म्हणून!"

हॉलिसनं सुजलेल्या ओठावर बर्फ धरला. "एकट्यानं नाही रे, सगळ्यांनी मिळून. तुला सोमवारी मोठ्या लीगनं बोलावलंय ना?"

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईनं. आभार मानायला सकाळी कोचना फोन केला, आनंदानं रडत होती बिचारी. आणि आज तुझा गुडघा गेला असता म्हणजे?"

ओडमचा आवाज खाली आला. "पण चषक गेला. आधीच लोक म्हणतात, ही धाकटी लीग काही टिकत नाही."

कोचनी आपल्या कपाटातून हेल्मेट काढून त्याच्या हातात ठेवलं. "चषक बघून पोरं येत नाहीत, बाळा. इथून वर कोण गेलं, ते विचारतात. आजवर माझ्याकडं सांगायला एकही नाव नव्हतं."

आभार मानायला ओडमनं तोंड उघडलं, तेवढ्यात सगळा संघ त्याच्यासाठी उठून उभा राहिला.